उसातलं डुक्कर आणि खांद्यावरची रायफल



गेल्या हंगामापासून ऊसविकास विभागाच्या कचेरीत बेण्या-खताइतकीच एक चौकशी होऊ लागली आहे. "साहेब, डुकरांनी सगळा फड लोळवला. रायफलीच्या परवान्यासाठी शिफारशीचं पत्र द्या. अन् घ्यायची तर कुठली घ्यावी, तेबी सांगा." चौकशी रास्त आहे. एका रात्रीत कळप उसाची काय दशा करतो, हे आम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट मांडतो.

प्रथम रायफलीविषयी. बोल्टच्या रायफलीला दाराच्या कडीसारखा दांडा असतो. तो उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे आत बसते. आपल्याकडे परवानेवाल्यांत जास्त माहितीची आहे ती ईशापूरची 315 बोअरची. दुसरी 30-06, म्हणजे अमेरिकेत 1906 साली निघालेल्या काडतुसाची. 315 ची गोळी जड आणि त्यामानाने मंद. 30-06 ची वेगवान आणि लांबच्या माऱ्याची, पण तिची काडतुसे 315 इतकी सहज मिळत नाहीत. मागे डोंगराचा उतार असेल आणि जनावर शंभर पावलांवर उघड्यावर दिसत असेल, तर दोहोंत आम्ही 315 पसंत करू. परंतु प्रश्न उसाचा आहे. उसासाठी आमचे उत्तर, दोन्ही नकोत.

रायफलीचा गुण म्हणजे लांबचा मारा. वाढलेल्या उसात दहा फुटांपलीकडचे दिसत नाही. चुकलेली गोळी मात्र फडात थांबत नाही, ती दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. तेवढ्या टप्प्यात आपल्याकडे वस्त्या आहेत, रस्ते आहेत, तोडणी कामगारांच्या कोप्या आहेत. पाचटाच्या कोपीने गोळी अडत नाही. बारा बोअरच्या छऱ्यांचा नेमका मारा तीस-चाळीस यार्डांचा, म्हणून तिचा धोका कमी. पण अंधारात तीही आंधळीच.

आम्ही मूळचे भिवंडी तालुक्यातले, भाताच्या मुलखातले. आमच्या चुलत्यांकडे ठासणीची बंदूक होती. भात पिकले की ते माळ्यावर राखणीला बसत. दहा बार काढले तर नऊ आभाळात. डुकरावर का मारत नाही, असे आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, "आरं, डुकराचे मागं कोन हाय, ता मना दिसतंय का?" आज त्या शेतांच्या कडेला गोदामे उभी आहेत आणि रात्री तिथे हमाल निजतात. चुलत्यांचा प्रश्न आज तिथे अधिकच खरा आहे.

हे शहाणपण ठाऊक असून आम्ही चुकलो, हेही सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी एका सभासदाला आम्ही फड न पाहताच शिफारसपत्र दिले. पुढे एका रात्री उसात खसफस झाली आणि त्यांनी चाप ओढला. आत डुक्कर नव्हते, दारं धरणारा त्यांचाच गडी होता. रात्रीची लाईट, म्हणून तो पाण्यावर आला होता. गोळी त्याच्यापासून हातभर अंतरावरचा पाइप फोडून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने चाकरी सोडली. पत्रावर सही आमची होती.

कायद्याचेही ध्यानात ठेवा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा, रायफलीचा नव्हे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पिकाला उपद्रव होत असला तरी मारण्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना परवान्याची बंदूकही तुम्हाला कोर्टाची पायरी दाखवील.

मग शेतकऱ्याने करावे काय? नुकसान होताच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा, पंचनामा होईपर्यंत फड तसाच ठेवावा. बांधावरची झुडपे काढावीत, कळप दिवसा तिथेच दडतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून झटका देणारे सौरकुंपण करावे आणि राखणीच्या पाळ्या लावाव्यात. रायफलीचा खर्च एकट्याचा, कुंपणाचा वाटून घेता येतो. मात्र कुंपणात घरची लाईट कदापि सोडू नये. त्या तारेला डुकराआधी माणूस चिकटतो.

यापुढे फड पायी फिरून पाहिल्याशिवाय आम्ही कोणालाही शिफारसपत्र देणार नाही. यावर काही सभासद रागावतील, तो राग आम्ही सोसू. पत्र मागण्याऐवजी आम्हाला फडावर बोलवा, रात्री बोलावलेत तरी येऊ. ऊस आडवा झाला तर खोडव्याला पुन्हा फुटतो. माणसाचा खोडवा नसतो.

आपला,
ऊसविकास अधिकारी