संगणक भंगारात देण्यापूर्वी

तुमच्या शाळेत संगणकाची खोली असेल. त्या खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात कापडाने झाकून ठेवलेले दोन-तीन संगणकही असतील. कदाचित तुमच्या घरी मोठ्या भावाने किंवा चाचांनी कधी काळी घेतलेला लॅपटॉप कपाटावर पडून असेल. त्याबद्दल विचारले, तर उत्तर ठरलेले असते : 'तो जुना झाला, आता चालत नाही.'

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. संगणक जुना झाला, हे खरे. पण तो चालत नाही, हे खरे आहे का? बटण दाबले, की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा उजळतो. मग पडद्यावर एक लहानसे वर्तुळ दहा मिनिटे गरगर फिरत राहते आणि आपण कंटाळून संगणक बंद करतो. म्हणजे यंत्र चालू आहे; अडले आहे ते त्यातील विंडोज. यंत्र ही एक गोष्ट आहे आणि त्याच्याकडून काम करून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम ही दुसरी गोष्ट आहे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आपण पुष्कळ चांगले संगणक भंगारवाल्याच्या हवाली करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोज का अडते? काम चालू असताना संगणक ज्या जागेवर आपले सामान मांडतो, तिला रॅम म्हणतात. शिंपी कापड बेतण्यासाठी टेबलावर पसरतो, तसेच हे आहे. टेबल लहान आणि कापड मोठे असेल, तर त्याला पुन्हा पुन्हा घड्या घालाव्या लागतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी रॅम लागत असे. २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी लागू लागली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला निदान ४ जीबी हवी. म्हणजे वीस वर्षांत ही मागणी चौसष्ट पट झाली. तुमच्या जुन्या संगणकाचे टेबल मात्र होते तेवढेच राहिले.

आता आणखी एक अडचण आली आहे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्ट कंपनी देत असलेली नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ घ्यावे, तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेले, आजही धडधाकट असलेले कितीतरी संगणक दाराबाहेर उभे राहिले आहेत. ही अट सुरक्षिततेसाठी आहे, असे कंपनी सांगते. त्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. ज्या विंडोजमध्ये वेळेवर दुरुस्ती झाली नव्हती, तेथेच तो शिरला. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्याने ठप्प केले. तेव्हा सेवा संपलेले विंडोज इंटरनेटला जोडून बिनधास्त वापरत राहावे, असा सल्ला कोणी देऊ नये.

मग काय करावे? नवा संगणक विकत घ्यावा? ज्यांना परवडते, ते घेतील. ज्या घरात चार मुले एकाच मोबाइलवर अभ्यास करतात, त्या घराने काय करावे? अशा घरासाठी आणि अशा शाळेसाठी एक तिसरा मार्ग आहे. त्याला खर्च येतो तो एका पेन ड्राइव्हचा.

या मार्गाचे नाव आहे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहायला सुरुवात केली आणि इंटरनेटवर सर्वांपुढे ठेवले. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ते कोणीही घ्यावे, तपासावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगी आहे. काही जणांना वाटते, की फुकटची वस्तू हलकीच असणार. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. तुमच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा पायाही लिनक्सचाच आहे.

लिनक्स अनेक प्रकारचे असते. त्यांतील काही प्रकार मुद्दाम जुन्या संगणकांसाठी बनवलेले आहेत. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेले पपी लिनक्स हे त्यांपैकी एक. ते इतके लहान आहे, की पेन ड्राइव्हवरून उचलून पूर्णपणे रॅममध्ये जाऊन बसते. अँटीएक्स नावाचे दुसरे लिनक्स तर २५६ एमबी रॅमवरही सुरू होते. ज्याची रॅम २ जीबी किंवा अधिक आहे, त्याला लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती वापरून पाहता येईल. या दोन्ही दिसायला विंडोजच्या जवळच्या आहेत.

पेन ड्राइव्ह तयार करायला फार मेहनत लागत नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. हव्या त्या लिनक्सची आयएसओ फाइल चांगल्या संगणकावर उतरवून घ्यावी. ती नेहमीसारखी कॉपी करून चालत नाही. रूफससारख्या छोट्या प्रोग्रामच्या मदतीने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. असे करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते. म्हणून बहिणीच्या लग्नाचे फोटो ज्यावर आहेत, तो पेन ड्राइव्ह यासाठी घेऊ नका! मग तो जुन्या संगणकाला लावून संगणक सुरू करावा आणि लगेच एक विशिष्ट कळ दाबावी. कोठे ती एफ-१२ असते, कोठे एफ-९, तर कोठे एस्केप. पडद्यावर यादी येते. तीत पेन ड्राइव्ह निवडला, की एक-दोन मिनिटांत लिनक्स समोर उभे राहते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की हार्ड डिस्कवरचे विंडोज जसेच्या तसे राहते. संगणक बंद केला, पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा सुरू केला, तर पूर्वीचेच विंडोज दिसते. म्हणजे करून पाहण्यात नुकसान नाही. फक्त पडद्यावर 'इन्स्टॉल' असे लिहिलेले एखादे चित्र असेल, तर त्याला हात लावू नका. तेथे 'डिस्क पुसा' या पर्यायाला होकार दिला, तर घरातील सगळे कागदपत्र जातील आणि ते परत आणणे कठीण होईल. आपण लिहिलेला निबंध मात्र जपून ठेवायचा असेल, तर त्यासाठी पेन ड्राइव्हवरच वेगळी जागा राखता येते. पपी लिनक्स बंद होताना 'काम जपून ठेवू का?' असे स्वतःच विचारते.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. अशा पेन ड्राइव्हने संगणक सुरू केला, की विंडोजचा पासवर्ड आडवा येत नाही. हार्ड डिस्क कुलूपबंद केलेली नसेल, तर तिच्यावरील फाइली उघडता येतात. बिघडलेल्या संगणकातून आपल्या अब्बांचे हिशेब वाचवायचे असतील, तर ही सोय फार उपयोगी आहे. पण तीच सोय वापरून दुसऱ्याच्या फाइली पाहणे म्हणजे उघड्या खिडकीतून दुसऱ्याच्या घरात शिरणे आहे. शाळेच्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी सरांना किंवा बाईंना विचारा. त्यांच्यासमोरच लावा.

आता तुमच्या मनातील प्रश्न. उर्दू लिहिता येईल का? येईल. लिनक्समध्ये उर्दूचा कीबोर्ड असतो, मराठीचाही असतो. नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट विनामूल्य मिळतो. तो बसवला, की लिब्रेऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे सुंदर नस्तालिक लिहिता येते आणि त्याच पानावर देवनागरीतील मराठीही लिहिता येते. फायरफॉक्स ब्राउझर तर उर्दूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला तीन-तीन लिप्यांत काम करावे लागते. त्याला ही सोय एका जुन्या संगणकावर मिळते, ही माझ्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

पण इनपेजचे काय? उर्दू छपाईच्या दुनियेत इनपेजचे राज्य आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका, जलशाच्या निमंत्रणपत्रिका, मोहल्ल्यातील वार्तापत्रे त्यावरच तयार होतात. इनपेज विंडोजसाठी बनलेले आहे. ते लिनक्सवर सरळ चालत नाही. तेव्हा ज्या संगणकावर प्रश्नपत्रिका तयार होतात, त्यावर विंडोज राहू द्यावे. एका कामासाठी एक संगणक विंडोजवर ठेवला, म्हणून बाकीचे नऊ झाकून ठेवण्याचे कारण नाही.

दुसरी हरकत पालकांकडून येते. दहावीनंतर मुले एमएस-सीआयटीला जातात, तेथे तर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात. मग लिनक्स शिकून काय फायदा? हा प्रश्न योग्य आहे. परंतु जो विद्यार्थी लिब्रेऑफिसमध्ये तक्ता करून बेरजेचे सूत्र घालायला शिकला, त्याला तेच काम दुसऱ्या ऑफिसात करायला एक आठवडा पुरतो. ज्याने कधी कीबोर्डला हातच लावला नाही, त्याचे काय? केरळ राज्याने २००१ साली आयटी अ‍ॅट स्कूल नावाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे आपल्या शाळांतील संगणक लिनक्सवर आणले. तेथील मुले दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच देतात. ती मुले नोकरीत मागे पडली, असे कोणी म्हणत नाही.

मात्र प्रत्येक जुना संगणक वाचवावा, असा हट्ट मी धरणार नाही. जड काचेचा मॉनिटर आणि पेंटियम ४ असलेले यंत्र वीज फार खाते आणि काम थोडे करते. शिवाय असे बहुतेक संगणक ३२ बिटी असतात. डेबियन या प्रसिद्ध लिनक्सने २०२५ च्या आवृत्तीपासून ते अशा संगणकांवर बसवण्याची सोय बंद केली. काही लहान लिनक्स अजून त्यांना सांभाळतात, एवढेच. ज्याचा प्रोसेसर ६४ बिटी आहे आणि रॅम २ जीबी आहे, तो संगणक जरूर वाचवावा. त्यावर लेखन होते, हिशेब होतो, कोश उघडतो, पायथनसारखी भाषा शिकता येते. यूट्यूब मात्र अडखळेल आणि ब्राउझरमध्ये एकदम दहा पाने उघडली, तर लिनक्सही हात टेकील. लिनक्सला जादू येत नाही. त्याच्याही दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. पाच वर्षांपूर्वीचा पेन ड्राइव्ह तसाच वापरत राहणे शहाणपणाचे नाही.

कधी कधी तर दोष इतका किरकोळ असतो, की हसू येते. संगणक सुरू होतो, इंटरनेटही जोडले जाते. पण प्रत्येक संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' असा इशारा देते. लोक म्हणतात, संगणकात व्हायरस शिरला. खरे कारण आत बसवलेला बटणासारखा गोल सेल हे असते. तो संपला, की संगणक तारीख विसरतो आणि आपण २००९ सालात आहोत असे समजतो. नवा सेल घातला आणि तारीख बरोबर केली, की तक्रार संपते. त्या सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

हे सर्व करून पाहण्याआधीच संगणक भंगारात गेला, तर त्याचे काय होते? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीच्याचा मोठा भाग दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो. तेथे गरीब माणसे हातांनी संगणक फोडतात, तांब्यासाठी तारा जाळतात, सर्किटच्या पट्ट्या आम्लात बुडवतात. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये शिसे असते. तो धूर आणि ते शिसे आपल्यासारख्याच मुलांच्या छातीत आणि रक्तात जाते.

म्हणून जो संगणक खरोखरच चालत नाही, त्याच्या बाबतीतही घाई करू नका. प्रथम रॅमची पट्टी आणि पॉवर सप्लाय काढून ठेवा. दुसऱ्या संगणकाला ते उपयोगी पडतात. हार्ड डिस्क वेगळी करा, कारण तिच्यावर घरातील माणसांची कागदपत्रे असू शकतात. उरलेला सांगाडा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी संगणक बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. शाळेच्या नावाने एक पत्र लिहून त्यांना तिची आठवण करून देता येईल. ते पत्र मराठीत लिहिण्याचे काम तुमच्या वर्गाने अंगावर घ्यावे.