जुळणीचें काम

संकेतस्थळांचीं पानें रचणारे तरुण हल्लीं पुष्कळ घरांतून आढळतात. पण त्यांची बरीचशी मेहनत लिहिण्यांत नसून लिहिलेलें जुळविण्यांत जाते, हें वडील मंडळींस क्वचितच ठाऊक असतें. फाइली तपासावयाच्या, एकत्र करावयाच्या, आटोपशीर करावयाच्या, आणि दर दुरुस्तीनंतर हें सारें पुनः पहिल्यापासून! हातानें केलें कीं एखादी पायरी राहतेच. बेल प्रयोगशाळेंतील स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याची सबंध सकाळ अशीच फुकट गेली: चूक दुरुस्त झाली होती, पण प्रोग्रॅम नव्यानें जुळविलाच नव्हता! त्यावरून फेल्डमन यांनीं १९७६ मध्यें 'मेक' रचला. २०१२ मध्यें बेन आल्मन यांच्या 'ग्रंट'नें तशीच सोय संकेतस्थळांच्या कामांत आणली.

मात्र या सोयीबरोबर परक्यांचे तयार तुकडेहि प्रकल्पांत शिरतात. २२ मार्च २०१६ रोजीं एका लेखकानें 'लेफ्ट-पॅड' हा आपला अवघा ११ ओळींचा तुकडा 'एन्‌पीएम्' या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला. मजकुराच्या डावीकडे रिकामी जागा भरणें, एवढेंच त्याचें काम. पण त्यावर आडून विसंबलेल्या हजारों प्रकल्पांची जुळणी अडली.

कोणत्या तुकड्याची कोणती आवृत्ति घेतली, याची नोंद 'लॉक' फाइलींत राहते, ती जपावीच. परंतु भांडारांतील जिन्नसच नाहींसा झाला तर नुसत्या नोंदीनें काय होणार? महत्त्वाच्या कामीं तुकड्यांची प्रतहि आपल्यापाशीं असावी. तिला जागा फार लागते, अशी तक्रार होईल. लागूं द्यावी.