कोंबड्यावाचून खुराडे

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार डोकावतो आहे. सर्वांत सविस्तर पत्र हैदराबादेतल्या जुन्या वस्तीतील एका भगिनींचे आहे. घर वडिलोपार्जित, मागे बऱ्यापैकी परस, परसात एक लिंब आणि एक सीताफळ. डॉक्टरांनी नातीला रोज अंडे द्यावयास सांगितले आहे; तेव्हा पाच-सहा कोंबड्या पाळाव्यात असे घरात ठरले. परंतु कोंबडा नको. दोन्ही बाजूंस आता चार-चार मजली इमारती उभ्या आहेत आणि पहाटे चारला आरवणारा प्राणी शेजाऱ्यांना किती दिवस सहन होणार? शिवाय कोंबडे जास्त झाले तर त्यांचे करावयाचे काय? घरात सुरी चालविणारे कोणी नाही. त्यात सासूबाईंची शंका अशी, की अंड्यात जीव असेल तर ते नातीला द्यावे तरी कसे? 'केवळ माद्याच मिळतील असा काही मार्ग आहे काय, आणि आमच्याकडील उन्हात त्या तगतील काय?' असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

सासूबाईंच्या शंकेपासून आरंभ करू. कारण तिचे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळ सुशिक्षितांनाही ते ठाऊक नसते. अंडे घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. वयात आलेली तलंग कोंबड्याचे तोंडही न पाहता अंडी घालू लागते. त्या अंड्यातून पिलू होण्याचा संभव नसतो. गांधीजींनी आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी अशा निर्बीज अंड्याचा विचार केला आहे आणि जो दूध घेतो त्याला असे अंडे घेण्यास प्रत्यवाय नसावा, असा अभिप्राय दिला आहे. तो मानावा की न मानावा हे ज्याच्या त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे. मात्र एक सावधगिरी हवी. कोंबड्यासोबत वाढलेली कोंबडी विकत आणली, तर त्याच्यापासून दूर झाल्यावरही दोन-तीन आठवडे तिची अंडी सबीज असू शकतात. तेवढा काळ जाऊ द्यावा.

उष्ण प्रदेशात कोंबडा नसण्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. सबीज अंड्यातील बीज साधारण २०-२१ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की हळूहळू वाढीस लागते. आमच्याकडे मार्चपासून स्वयंपाकघरातील फळीवर याहून किती तरी अधिक उष्मा असतो. मग ते अर्धवट वाढून मरते आणि अंडे नासते. निर्बीज अंड्यात वाढावयाचे काही नसल्याने ते त्याच उन्हाळ्यात अधिक दिवस टिकते. यास्तव पाखरांची पैदास करावयाची नसेल तेव्हा कोंबडा कळपातून काढून ठेवावा, हा सल्ला जुनाच आहे.

आता मुख्य प्रश्न. अंड्यावरून किंवा इवल्या पिलावरून नर-मादी ओळखण्याच्या युक्त्या गावोगाव सांगतात. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि वाटोळ्यातून कोंबडी, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. गंमत अशी, की ॲरिस्टॉटलने लांबट अंडी मादीची म्हटली आणि पुढे रोमन शेतीपंडित कोलुमेला याने नेमके उलटे सांगितले. दोघांचेही अनुयायी आजवर टिकून आहेत, याचे कारण उघड आहे: नाणे उडवून सांगितलेले भविष्यही निम्म्या वेळा खरेच ठरते. दोऱ्याला अंगठी बांधून ती अंड्यावर झुलविणे, पिलू पायांनी उलटे धरून ते धडपडते की गप्प राहते हे पाहणे, या साऱ्यांची योग्यता तेवढीच. उबवणीच्या उष्णतेत फरक करून माद्या अधिक मिळतात, असेही कोणी सांगतात. कासवाच्या आणि मगरीच्या अंड्यांत उष्णतेवर लिंग ठरते हे खरे; कोंबडीच्या अंड्यात तसे नाही. तेथे ते अंडे घातले जाण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

आणि ते ठरविते कोंबडी! माणसांत मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते; पक्ष्यांत मातेकडून येणाऱ्यावर. आमचा विषय मराठी. तेव्हा हे वाक्य आमच्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना दाखवून मगच येथे घातले आहे. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांतून ते मोठ्याने वाचले जावे अशी आमची इच्छा आहे. कोंबडीला बोल लावला असता तर निदान शास्त्राला तरी धरून झाले असते.

असो. जन्मल्या दिवशी पिलाचे लिंग ओळखण्याच्या खऱ्या रीती तीन. पहिली जपानी. पिलाच्या गुदद्वाराच्या आतील सूक्ष्म उंचवटा पाहून नर-मादी सांगता येते, हे मासुई आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले. १९२७ साली कॅनडात ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ते जगापुढे आले. हे काम हाताला वर्षानुवर्षे सवय असलेल्या माणसाचे आहे. घरी पाहू गेल्यास पिलाला इजाच व्हावयाची. दुसरी रीत पंखांची. विशिष्ट जातींच्या संकरात मादीपिलांची पिसे पहिल्याच दिवशी लांब-आखूड अशी दोन ओळींत उठून दिसतात, नरांची सारखी किंवा मागे पडलेली. तिसरी रंगाची. ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या पिलांत नराच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई असताना, बिनकामाच्या नरपिलांवर दाणा खर्ची पडू नये म्हणून केंब्रिजचे प्राध्यापक पनेट यांनी या रंगभेदाचा उपयोग सुचविला. पुढे त्यांनी आणि पीज यांनी ज्या जातीत हा भेद पिढ्यानुपिढ्या आपोआप टिकतो, अशी कँबार जात १९२९ च्या सुमारास तयार केली.

पनेट यांचा हेतू दाणा वाचविण्याचा होता. त्याचे पुढे काय झाले हे मात्र सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. अंड्यांसाठी पैदा केलेल्या जातींचे नर अंगाला धरत नाहीत, म्हणून मांसासाठीही परवडत नाहीत. ओळखता येऊ लागल्यावर जगभरच्या उबवणी केंद्रांतून ते पहिल्याच दिवशी मारले जाऊ लागले. वर्षाला सुमारे ७०० कोटी असा अंदाज सांगितला जातो. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने हे बंद केले आणि तेथे आता अंड्यातच लिंग तपासून नराचे अंडे उबवणीतून बाजूला काढण्याची यंत्रे चालतात. आपल्या परसापर्यंत त्यांचा लाभ पोचलेला नाही. आपल्याकडे त्या नरांतील काही टोपलीतून गल्लीबोळांत येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात बुचकळलेली पिल्ले विकावयास येतात आणि मुले हट्ट धरतात, ती बहुतेक अशीच लेअर जातींची नरपिल्ले. आईच्या उबेवाचून त्यांतील बहुतेक आठवड्याच्या आत मरतात. जी जगतात ती आरवतात. विक्रेता 'सब मुर्गी है, अम्मा' म्हणेल. घेऊ नयेत.

आमच्या वाचकांना हैदराबादेत एक सोय आहे, जी अन्यत्र सहजी नाही. राजेंद्रनगर येथे १९८८ साली स्थापन झालेली, आज कुक्कुट संशोधन निदेशालय म्हणून ओळखली जाणारी केंद्र सरकारची संस्था आहे. परसातील पालनासाठी तिने वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन जाती तयार केल्या. वनराजा अंगाने भारी, वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी. ग्रामप्रिया हलकी, चांगली निगा राखल्यास दोनशेच्या घरात जाते. अंडे फिकट तांबूस. केवळ अंडी हवी असणाऱ्यांनी ग्रामप्रियाच पाहावी. भारी पक्ष्याला आमच्या मे महिन्यात धाप अधिक लागते. उघड्या मानेच्या गावठी कोंबड्याही उन्हाला चांगल्या. पिसे कमी असल्याने अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते. दिसावयास त्या ओबडधोबड खऱ्या, पण आपणांस त्या मखरात बसवावयाच्या नाहीत.

अडचण ही, की अशा जातींची एका दिवसाची पिल्ले सामान्यतः नर-मादी न निवडताच मिळतात. येथे थोडे अंकगणित करू. दहा पिल्ले घेतली तर दहाही माद्या निघण्याचा संभव १,०२४ त एक. निदान पाच माद्या हव्यात आणि बहुधा मिळाव्यात, तर चौदा पिल्ले घ्यावी लागतात. तेव्हा शंभरात एक्याण्णव वेळा पाच किंवा अधिक माद्या निघतात, आणि यात मरतूक धरलेली नाही. म्हणजे पाच कोंबड्यांसोबत सात-आठ कोंबडे पदरी पडणार. पत्रलेखिकेला नेमके तेच नको आहे. उलट निवडलेल्या माद्या विकणारी मोठी उबवणी केंद्रे हजारांच्या हिशेबाने व्यवहार करतात. दहा पिलांसाठी त्यांचे दार उघडत नाही.

तेव्हा आमचा सल्ला असा: पिल्ले घेऊच नयेत, तलंगा घ्याव्यात. शहराबाहेर ज्या शेतकऱ्याकडे ग्रामप्रिया किंवा तत्सम जात वाढविली जाते, त्याच्याशी आधी बोलून तीन-चार महिन्यांच्या पाच-सहा माद्या निवडून घ्याव्यात. किंमत पिलाच्या कित्येक पट पडेल. परंतु त्या किमतीत मानमोडीची, गंबोरोची आणि देवीची लस, पहिल्या महिन्यातील मरतूक आणि ओळखीची खात्री, एवढे सारे आले. लसी कोणत्या तारखांना दिल्या ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. आणखी एक गोष्ट, जी आम्हांस किमतीहून महत्त्वाची वाटते. त्या माद्यांचे भाऊ त्या शेतकऱ्याकडे राहतात, मोकळे हिंडतात आणि मोठे होऊन गावठी म्हणून चांगल्या भावाने जातात. ते अमर होत नाहीत. पण पहिल्याच दिवशी कचऱ्यातही जात नाहीत. आपल्या दाराआड सुरी नाही एवढ्यावर समाधान मानणे सोपे आहे. आपण कोंबडी घेतली तेव्हा कोंबड्याचे काय झाले, हे विचारून घेणे आम्हांस अधिक सरळपणाचे वाटते.

निवडताना डोळे उघडे ठेवावेत. दीड महिन्यानंतर नराचा तुरा लाल व मोठा होऊ लागतो, पाय जाड आणि उभे राहण्यात ताठा येतो. तीन महिन्यांच्या नराच्या मानेवर आणि कमरेवर लांब, अणकुचीदार, चकाकणारी पिसे लोंबतात. मादीची त्याच जागची पिसे टोकाला वाटोळी असतात. ही खूण कधी फसवीत नाही. रंगावर मात्र विसंबू नये, कारण ग्रामप्रियाचा रंग नाना तऱ्हेचा असतो.

आता ऊन. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा पंखा. पारा ३५ च्या वर गेला की ती खाणे कमी करते, अंड्याचे कवच पातळ होते. ४० च्या पुढे, वारा नसलेल्या पत्र्याच्या खुराड्यात ती दुपारीच मरू शकते. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन आत शिरत नाही. पत्र्यावर चुना द्यावा किंवा गवताचे छप्पर घालावे. बाजूंना भिंत नको, जाळी हवी. आणि ती मजबूत हवी, कारण राखणीला कोंबडा नाही आणि मुंगूस जुन्या वस्तीत अजून आहे. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदललेले. एरव्ही पाव लिटर पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पिते. दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर. भर दुपारी देऊ नये, पचनाची उष्णता वर आणखी चढते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात नेहमी असावा. लिंबाची सावली आहे, ही तर पत्रलेखिकेची अर्धी लढाई जिंकलेलीच आहे.

वेळ साधणेही महत्त्वाचे. एप्रिल-मेमध्ये पाखरे आणू नयेत, प्रवासातच दगावतात. पावसाळ्याच्या आरंभी निघालेल्या पिलांच्या तलंगा दिवाळीच्या सुमारास घ्याव्यात. त्या थंडीत अंड्यावर येतात आणि उन्हाळा येईतो घराला रुळतात.

कोंबडा नसलेल्या कळपात कधी एखादी वडीलधारी कोंबडी पुढारपण घेते आणि आरवल्यासारखा आवाज काढते. ते अशुभ मानणारी माणसे अजून भेटतात. कोंबडीची एकट्या डाव्या बाजूची बीजकोशिका काम करते. ती आजाराने निकामी झाली तर कोंबडीला तुरा व कोंबड्याची पिसेही येऊ शकतात. त्यात घरावर येणारे संकट काही नाही. एक अंडे कमी, एवढेच.

राहता राहिली खुडूक कोंबडी. निर्बीज अंड्यांवर ती एकवीस दिवसच काय, महिनाभरही बसून राहील आणि उन्हाळ्यात अन्नपाण्यावाचून खंगेल. तिच्याखालची अंडी रोजच्या रोज काढावीत, तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे. ती पुन्हा अंड्यावर येते. तिची दया येऊन कोणी सबीज अंडी आणून तिच्याखाली ठेवतील, तर त्यांनी वर केलेले अंकगणित पुन्हा एकदा वाचावे.

सीताफळाच्या फूलगळीविषयीचा त्याच पत्रातील दुसरा प्रश्न पुढील अंकी घेऊ.