थपडांची मोजदाद

घरगुती हिंसेचा विषय चर्चासत्रात निघाला की कोणीतरी एक विद्वान उठतो आणि सांगतो की, बायकाही पुरुषांइतक्याच हात उचलतात. अमेरिकेतील संशोधनाने ते केव्हाच सिद्ध केले आहे. संशोधन कोणाचे, प्रश्न कोणते विचारले गेले, याची चौकशी करण्याचे कष्ट त्याने घेतलेले नसतात. आम्ही मराठीचे अध्यापक, समाजशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु वाक्याचा अर्थ संदर्भाने ठरतो, एवढीच गोष्ट वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलेल्या माणसांना या दाखल्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

हा दाखला मुख्यतः मरे स्ट्रॉस (१९२६–२०१६) यांच्या नावावर खपतो. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील या समाजशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीत आरंभी मुंबईही येऊन जाते. मिनिआपोलिस, सान हुआन आणि मुंबई येथील मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे समोर ठेवलेला प्रश्न मिळून कसा सोडवतात, याची तुलना करणारा त्यांचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे ते घरातल्या मारहाणीकडे वळले. १९७५ साली रिचर्ड गेलिस व सुझॅन स्टाइनमेट्झ यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील २,१४३ कुटुंबांची पाहणी केली. तिच्यावरचा ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ हा ग्रंथ १९८० मध्ये आला. घर म्हणजे विसावा, मारहाण म्हणजे एखाददुसऱ्या दारुड्याचा अपवाद, या समजुतीला त्या आकड्यांनी सुरुंग लावला. त्याचे श्रेय स्ट्रॉस यांना द्यावेच लागेल. नुसत्या हळहळीने सरकार हलत नाही, आकड्याने क्वचित हलते.

आमची तक्रार त्यांच्या मोजपट्टीविषयी आहे. ‘कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल’ या नावाने ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. कितीही सलोखा असला तरी नवरा-बायकोत मतभेद व्हायचेच, अशा अर्थाच्या प्रस्तावनेने ती सुरू होते आणि मग गेल्या वर्षभरात ढकलले किती वेळा, थप्पड किती वेळा, लाथ किती वेळा, असे विचारत जाते. भांडण गृहीत, आणि मारणे हा त्यातला एक डावपेच! भाकरी करपली म्हणून जिच्या पाठीत लाकूड बसते, तिचा कोणता मतभेद झालेला असतो? गळा आवळणारा हात सोडवण्यासाठी तिने मारलेला धक्का आणि तो गळा आवळणे, या दोन्हींची नोंद दोन रकान्यांत होते आणि बेरजेअंती समानता निघते. पट्टीवर कृती उतरते, कृतीमागचे भय उतरत नाही.

त्याच १९७९ साली रिबेका व रसेल डोबॅश या दांपत्याचा ‘व्हायलन्स अगेन्स्ट वाइव्ह्ज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधील पोलिसी नोंदी त्यांनी तपासल्या, मार खाल्लेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी प्रदीर्घ बोलणी केली. त्यांना दिसलेली हिंसा सुटी नव्हती. तिला घरकामाच्या अपेक्षांचा, पैशाचा, संशयाचा आणि मालकीहक्काचा इतिहास होता. आमच्या परिभाषेत सांगायचे तर स्ट्रॉस यांनी क्रियापदे मोजली, डोबॅश यांनी कथानक वाचले. पुढे १९९६ च्या सुधारित मोजपट्टीत दुखापत आणि लैंगिक बळजबरी यांचे प्रश्न आले. बरोबरीचा मुद्दा मात्र स्ट्रॉस यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पण गंभीर इजा स्त्रियांनाच अधिक होतात, हेही ते वारंवार लिहीत राहिले. आमचे विद्वान हा उत्तरार्ध नेमका गाळतात.

ही पट्टी आता आपल्याही घरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील हिंसाविषयक प्रश्नावली तिच्याच सुधारित रूपावर बेतलेली आहे. २०१९–२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, कधीतरी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. सर्वेक्षणकर्त्यांनी थोडे शहाणपण दाखवले हे नमूद केले पाहिजे. मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरशी संबंध तोडतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास टाकतो का, असेही प्रश्न त्यात आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची व्याख्याही शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळापर्यंत जाते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र थपडाच येतात. आणि त्याच अहवालानुसार हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या स्त्रिया अवघ्या १४ टक्के आहेत.

आता जरा आमच्या विषयाकडे येऊ. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’मध्ये वस्तीतल्या सुनांना होणारी मारहाण आहे, स्वतःच्या संसाराबद्दल मात्र लेखिका जवळजवळ गप्प आहे. नवरा संशयाने मारी आणि आपण वीस वर्षे लिखाण लपवून ठेवले, हे त्यांनी माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेली आहे. त्या वीस वर्षांची नोंद मोजपट्टीच्या कोणत्या रकान्यात करावी?

आणि ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीजीवनाचे चित्रण’ या साच्याचे प्रबंध आमच्या विद्यापीठांत आजही मान्य होतात, त्यांचे काय? पात्र क्रमांक एक, मारहाणीचे प्रसंग तीन. पात्र क्रमांक दोन, प्रसंग पाच. निष्कर्ष, लेखकाने स्त्रीची व्यथा समर्थपणे मांडली आहे. ही स्ट्रॉस यांचीच पद्धत झाली, तीही त्यांची शिस्त वजा करून. कादंबरीतली बाई दाराशी वाजलेल्या चपलांच्या आवाजाने पदर सावरते, ते वाक्य असल्या प्रबंधात कधीच उद्धृत होत नाही, कारण तिथे कोणी कोणाला मारलेले नसते.

पुढच्या चर्चासत्रात बरोबरीचा दाखला आला, तर आम्ही दोनच प्रश्न विचारणार आहोत. दुखापतींबद्दल स्ट्रॉस यांनी काय लिहिले, ते आपण वाचले आहे काय? आणि त्या घरात कोण कोणाला भीत होते?