झिलईचा दोष आधी लाकडात शोधा

लाकडी पेनाची झिलई बिघडून आली की कारागिराचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. घासायचे, वरून ग्लूचे दोन हात द्यायचे, चमक आली की पेन गिऱ्हाइकाला परत. खानदेशात ही दुरुस्ती फार दिवस टिकत नाही. सुटलेली कड पुन्हा त्याच जागी सुटते, बुजवलेली चीर पुन्हा उघडते आणि खापर ग्लूच्या बाटलीवर फुटते. आमचे म्हणणे असे, की पेन विकल्यानंतर इथल्या हवेत दिसणाऱ्या बऱ्याचशा दोषांचे मूळ झिलईच्या आधीचे असते. आतल्या पितळी नळीसाठी भोक पाडायच्या दिवशी लाकडात किती ओलावा होता, त्यावरच ते ठरते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांना भिडतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत उघडे राहिलेले लाकूड सुमारे ३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळते. श्रावणात हवेत ८५ टक्के आर्द्रता टिकून राहिली, तर तेच लाकूड १७ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. टेबलाची फळी हा फरक पचवायला आठवडे घेते. पेनातल्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या लाकडाला काही दिवस पुरतात. झिलईने हा वेग मंदावतो, थांबत नाही. ओलावा १० टक्क्यांनी उतरला तर सागवान वार्षिक वलयांच्या दिशेने ढोबळमानाने २ टक्के आकसते. १२ मिलिमीटर व्यासाला हे पाव मिलिमीटर झाले. आतल्या पितळी नळीला ओलाव्याशी देणेघेणे नाही, आणि तापमान २० अंशांनी बदलले तरी तिच्या व्यासात मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही कमी फरक पडतो. लाकूड आवळू पाहते, पितळ दबत नाही, वरचा सायनोॲक्रिलेट ग्लूचा थर कडक पण ठिसूळ. चीर पडायला आणखी काही लागत नाही. अंजनासारखे घट्ट लाकूड तर वरून कोरडे लागले तरी आत ओल धरून असते.

म्हणून पेपर उचलण्याआधी दोष लाकडात आहे, लाकूड आणि थर यांच्या सांध्यात आहे, की थरात, हे पाहावे. ओल्या बोटाने पुसून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. पाण्याने पांढरेपणा क्षणभर नाहीसा झाला तर तो वरचा ओरखडा, बहुधा जाड ग्रिटच्या आडव्या रेघा. लेथ बंद करून लांबीच्या दिशेने घासल्या की त्या जातात. फरक पडला नाही तर दोष खाली आहे. ग्लू लवकर वाळवणारा ॲक्सिलरेटर फार जवळून मारल्याने आलेले फेसाळ ठिपके थरात असतात. ठिपका संपेपर्यंत थर उतरवावाच लागतो, वरून ग्लू चढवला तर ते आत कोंडले जातात. टोकाशी चंद्रकोरीच्या आकाराची पांढरी कड दिसली तर थर लाकडापासून सुटला आहे, असे समजावे. लेथवर पेनाच्या टोकाशी बसवलेला, ग्लूने चिकटलेला बुश हिसका देऊन सोडवला किंवा टोके बंद न करता पाणी लावून घासले, की हे होते. तिथे थर लाकडापर्यंत उतरवून, टोकाचा उघडा छेद पातळ ग्लूने बंद करूनच पुन्हा सुरुवात करावी. सागवानातले तेल थराला धरू देत नाही, तेव्हा पहिल्या हाताच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसणे आलेच. आणि चीर लाकडात गेली असेल तर? आमच्या मते ती बुजवू नये, नवा भाग कातून द्यावा.

दोष मुळातच टाळायचा तर भोक पाडण्याआधी लाकूड नीट वाळवावे. यावर पहिला आक्षेप वेळेचा: लहान कारखान्याला महिनोन्‌महिने लाकूड वाळवत ठेवणे परवडत नाही. पण पेनाचा तुकडा लहान असतो, त्याला ओंडक्याचे नियम लागू नाहीत. तुकडे मापाला कापून त्यांवर तारीख आणि वजन लिहावे, दर आठवड्याला पुन्हा वजन करावे; जळगावसारख्या सराफ बाजाराच्या गावात बारीक काटा मिळायला अडचण नाही. लागोपाठची वजने सारखी आली की तुकडा हवेशी जुळला. पावसाळ्यातले असे जुळणे मात्र फसवे, कारण तो तुकडा एप्रिलमध्ये आकसणारच. जून ते सप्टेंबरचे काम उन्हाळ्यात वाळवून बंद डब्यात ठेवलेल्या तुकड्यांवर करावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतके कोरडे लाकूड मुंबईत किंवा कोकणात गेल्यावर फुगेल, त्याचे काय? फुगेल खरे. पेनाच्या धातूच्या कड्यापाशी बोटाला पायरी लागेल, ठिसूळ थराला क्वचित तडाही जाईल. पण फुगणाऱ्या लाकडाला बाहेरची वाट मोकळी असते. आकसणारे लाकूड पितळावर अडते आणि फाटते. एका बाजूला चुकायचेच असेल तर कोरड्या बाजूला चुकावे. रेझिन भरून लाकूड स्थिर करण्याचा उपाय सच्छिद्र, ठिसूळ लाकडाला उत्तम. सागवानाच्या तेलकट गाभ्यात किंवा अंजनात ते फारसे शिरत नाही.

राहिली झिलईची निवड. सायनोॲक्रिलेट चमकते, घाम सोसते, हे कबूल. पण त्याचा नवा थर जुन्यात विरघळत नाही, त्यामुळे मध्येच केलेली दुरुस्ती कडेसकट दिसते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, नवा हात जुन्यात मिसळतो, आणि दमटपणाने आलेला धुरकटपणा कोरड्या दिवशी स्पिरिटच्या बोळ्याने बहुधा निघतो. तिची उणीवही त्यातच आहे: सॅनिटायझरचा एक थेंब तिला पुरतो, त्यामुळे दिवसभर लिहिणाऱ्याला लाखेचे पेन देऊ नये. जवसाचे वाळणारे तेल हा मधला मार्ग. चमक कमी, पण गिऱ्हाईक घरीच पुन्हा हात देऊ शकते. (खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल नको, ते वाळत नाही. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.)

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पेनाची नोंद ठेवावी: लाकूड कोणते, भोक कोणत्या महिन्यात पाडले, झिलई कोणती, दोष कुठे. दिवाळीच्या मागणीचे लाकूड अजून वखारीतच पडून असेल, तर मे संपण्याआधी ते मापाला कापून घ्यावे.