चावा कुठे झाला, तेवढे लिहा

महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,



ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदललाही. तेव्हापासून गल्लोगल्ली कुत्र्यांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडले आहेत. त्या भांडणात मला पडायचे नाही. माझी मागणी दोन्ही तटांना चालेल अशी आहे. केसपेपरवर रुग्णाच्या घराचा पत्ता लिहिता, तसा चावा झाला त्या जागेचाही लिहा.

ही काही माझी कल्पना नव्हे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ सालचे. कुत्रा का चावला, कोणत्या भागात चावला, तो पाळीव होता की भटका, याचा छडा लावण्याचे काम त्याच नियमांनी देखरेख समितीला नेमून दिले होते. २०२३ मध्ये नवे नियम आले, स्थानिक समित्याही आल्या. पण आपल्या दवाखान्यांतले रजिस्टर अजून साठ्याच्या वहीसारखेच आहे. कितवा डोस, कोणत्या तारखेला, किती कुप्या संपल्या, हे त्यात नीट सापडते. चावा कोणत्या चौकात झाला, हे विचारायला रांगेतल्या गर्दीत कोणाला वेळ नसतो. आणि विचारलेच, तरी ते कुत्री पकडणाऱ्या श्वानपथकापर्यंत पोहोचवणार कोण?

नोंद नसली की काय होते, ते आकड्यांत दिसते. सरकारी माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांवर माणसांना कुत्री चावली आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४ झाले. आयसीएमआरच्या संशोधकांनी घरोघर केलेल्या पाहणीवरून काढलेला अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. चावलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाने लसच घेतली नव्हती, हेही त्याच पाहणीत आढळले. ही माणसे आपल्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून आपल्या हिशेबातही येत नाहीत.

जागेच्या नोंदीने काय साधते? एकाच कोपऱ्यावर महिन्यात पाच जणांना चावा झाला असेल, तर तिथे मटणाच्या दुकानाचा कचरा पडतो का, एखादी मादी व्यायली आहे का, हे जाऊन पाहता येते. श्वानपथकाची गाडी कुठे पाठवायची हे कळते, तक्रारीच्या फोनवर ज्याचा आवाज मोठा त्याच्याच सोसायटीत ती जात नाही. कुत्रे ओळखीचे आणि दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर डॉक्टरांना पुढच्या डोसांचा निर्णय घेता येतो. जयपूरमध्ये नसबंदीच्या मोहिमेनंतर चावे घटले, हे सरकारी रुग्णालयातल्या नोंदी होत्या म्हणूनच दाखवता आले. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची नोंद मोबाइलवर, जागेसकट होत असे. जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिकवणेही चालू होते. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

शिकवण्याचे काम आपल्याकडे २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या बॅनरवर उरकते. अजूनही जखमेत मिरची किंवा चुना भरणारे लोक आहेत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती तर कायमच आहे, वास्तविक ती लस बंद होऊन वीस वर्षे उलटली. आता चार-पाच डोस, तेही दंडात. खोल जखमेत सीरमही भरावे लागते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हे चौथीतल्या मुलालाही शिकवता येईल. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही, हात अंगाशी धरून उभे राहायचे, नजरेला नजर द्यायची नाही. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, आई रागावेल म्हणून ओरखडा लपवायचा नाही. ही शेवटची गोष्ट मुलांइतकीच पालकसभेतही सांगायला हवी.

नवे अॅप, नवा कक्ष, नवी निविदा, यातले काही नको. रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवा : जागा, वेळ, कुत्रे कोणाचे, चावण्याआधी काय घडले. ते पान दर सोमवारी श्वानपथकाकडे जाऊ द्या. आणि देखरेख समितीच्या पुढच्या बैठकीत पहिलाच विषय म्हणून मागच्या तीन महिन्यांतले चावे वॉर्डवार मांडा. तोच तक्ता वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. आम्ही येऊन वाचू.

आपला,
एक करदाता