मोडता येण्याजोगं बांधकाम

परभणी जिल्ह्यात मोठ्या माणसाचे बहुतेक निर्णय मागे घेता येत नाहीत. कापूस लावायचा की सोयाबीन, मृगात पेरायचं की थांबायचं, याचा कौल एकदा दिला की तो हंगामभर माणसाला बांधून ठेवतो. पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणी करता येते, पण बियाण्याचे, खताचे, मजुरीचे पैसे पुन्हा घालावे लागतात आणि हातचे गेलेले दिवस काही परत येत नाहीत. घराचा स्लॅब पडला की खोली हलत नाही. मुलाला कोणत्या शाखेला घातलं, कुणाला जामीन राहिलो, कोणत्या सोयरिकीला होकार दिला, या सगळ्याचं तसंच. अशा ठिकाणी चाळिशी ओलांडलेला एखादा शिक्षक, दुकानदार किंवा बँकेतला कर्मचारी रात्री जेवणं आटोपल्यावर प्लास्टिकचे ठोकळे सतरंजीवर पसरून बसला, तर त्याला हसण्याचं कारण नाही. या खेळाची गरज पोरांपेक्षा त्यालाच जास्त आहे, असं माझं मत आहे. पोरांना चुकायला सगळी दुनिया मोकळी असते. मोठ्या माणसाला मात्र चुकल्यावर शांतपणे उसवून पुन्हा लावून बघण्याची जागा दिवसभरात कुठेच मिळत नाही. ठोकळे ती जागा देतात, आणि त्यांची खरी किंमत एवढ्यातच आहे.

हे सगळं ठोकळ्याच्या घडणीतच आहे. ज्यांना आपण सरसकट लेगो म्हणतो, ते ठोकळे डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावचे. ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुतारानं १९३२ साली तिथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची कल्पना लेगोच्या प्लास्टिक ठोकळ्यांआधी इंग्लंडमध्ये हिलरी पेज यांनी वापरली होती. पण ते ठोकळे घट्ट धरत नसत. वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे वरच्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात आणि केवळ घर्षणानं पकड धरतात. डिंक नको, खिळा नको. ही पकड ओढाताण सोसेल इतकी घट्ट हवी आणि लहान मुलाच्या बोटांनी सुटेल इतकी सैलही हवी. या दोन्ही अटी सांभाळण्यासाठी साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत राखावी लागते. म्हणून १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. असे सहा घेतले तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ रचना होतात. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी त्या मोजल्या आहेत. मूठभर वस्तूंत एवढ्या शक्यता सामावतात, कारण कोणतीही रचना शेवटची नसते.

सुटे भाग चुन्याशिवाय जोडण्याची ही बुद्धी आपल्या मातीला नवखी नाही. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, गंगाखेड तालुक्यातलं धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, ही आपल्या जिल्ह्याची दगडी संपत्ती. या प्रकारच्या बांधकामाला आपण हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि त्याच्या नावावर जमा झालेली कित्येक देवळं त्याच्याही आधीची आहेत. पण पद्धत ओळखीची आहे. एका दगडाला खोबण, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि बाकीचं काम वजनाकडे सोपवलेलं. दरजेत चुना नसल्यामुळे अशी इमारत उतरवून पुन्हा उभी करता येते. श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणारं कूडलीचं संगमेश्वर मंदिर दगड दगड सुटा करून आलमपूरला पुन्हा बांधलं गेलं. प्रत्येक दगडाला क्रमांक घालायचा, नकाशावर त्याची जागा लिहायची, उतरवायचा आणि पुन्हा त्याच जागी बसवायचा, ही जतनाची मान्य रीत आहे. सिमेंटात गाडलेल्या भिंतीला हे भाग्य नाही. ती फक्त फोडता येते. मोडता येणं म्हणजे कच्चेपणा, हा समज या दगडांनी सातशे-आठशे वर्षं उभं राहून खोटा ठरवला आहे.

तरी लोक म्हणतील, देऊळ हे देऊळ आणि खेळणं हे खेळणं; मोठ्या माणसानं खेळण्याशी खेळावं का? याचं उत्तर भाद्रपदात मराठवाड्यातल्या घराघरांत मिळतं. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या की त्यांच्यापुढे आरास मांडली जाते. पत्र्याचे डबे आणि पाट एकावर एक रचून, वर चादरी अंथरून पायऱ्या होतात. त्यांवर लाकडी बैलजोडी, भातुकलीची भांडी, चावीची आगगाडी, प्लास्टिकची फळं, आरशाचं तळं, त्यात बदकं, कडेला काही दिवस आधी पेरून उगवून आणलेलं गव्हाचं हिरवंगार शेत. ही खेळणी जत्रांतून, तीर्थयात्रांतून, माहेराहून वर्षानुवर्षं जमवलेली असतात आणि सासूकडून सुनेकडे जातात. कोणतं खेळणं कुठे ठेवायचं यावर घरातल्या जाणत्या बायका गंभीरपणे चर्चा करतात. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या की आधी आरास बघतात आणि मनापासून दाद देतात. विसर्जनानंतर सगळं कागदात गुंडाळून ट्रंकेत जातं, आणि पुढच्या वर्षी मांडणी नवी होते. संग्रह, रचना, प्रदर्शन, मोडणं आणि पुन्हा रचणं, या छंदातलं काहीही यात बाकी राहत नाही. याला पोरखेळ कुणी म्हणत नाही, कारण त्याला देवीचं निमित्त आहे. निमित्ताचा मान मी राखतो. पण त्या दिवसांत त्या बायकांच्या हातांना जो आनंद मिळतो तो खरा असेल, तर तोच आनंद निमित्ताशिवाय एरवीही मान्य करायला हवा.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. मोठ्यांसाठीचे सेट म्हणजे पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे तुकड्याला तुकडा लावणं. त्यात स्वतःचं काय? २००८ साली निघालेल्या ताजमहालाच्या सेटमध्ये ५,९०० हून जास्त तुकडे होते, २०२१ च्या टायटॅनिकमध्ये ९,०९०. २०२० पासून तर कंपनीनं डब्यांवर १८ पेक्षा जास्त वय छापून मोठ्यांची बाजारपेठ उघडपणे वेगळी काढली. पुस्तिकेनं चालणं वाईट नाही. बंदिश आधी जशीच्या तशी घोटावी लागते, तसे हात बसण्यासाठी चार सेट बरहुकूम करावेत. त्यातून कमान वजन कशी वाटते, वळण कसं घेता येतं, हे बोटांना कळतं. मात्र तिथेच थांबून बांधलेला ताजमहाल कायमचा काचेच्या कपाटात ठेवला, तर माझ्या युक्तिवादातला जीवच निघून जातो. सेट सीलबंद ठेवून भाव चढण्याची वाट पाहणारे संग्राहक त्याच्याही पुढे गेलेले. बाजारातून गेलेल्या जुन्या सेटची किंमत वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास वाढली, असं मॉस्कोतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात आढळलं. गुंतवणूक म्हणून ते ठीक असेल, पण न उघडलेल्या डब्यात ठोकळ्याचा एकमेव गुण, म्हणजे पुन्हा वेगळं काही होण्याची क्षमता, बंदिवासात पडलेली असते. ठोकळे जमवायचे ते सुटे, रंगावार, आकारावार, हाताशी येतील असे.

सुट्या ठोकळ्यांतून काय शिकायला मिळतं, यासाठी सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव घ्या. गावकऱ्यांनी श्रमदानानं गाळातून मोकळी केलेली ही बारव गोल घेराच्या कडेनं चक्राकार उतरत जाते. तिची प्रतिकृती करायला कोणतीही पुस्तिका नाही. पहिली अडचण अशी की ठोकळा चौकोनी आणि बारव गोल. दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर; पण ठोकळ्याची बाजू त्यापेक्षा ०.२ मिलिमीटरनं कमी ठेवलेली असते, म्हणजे शेजारच्या दोन ठोकळ्यांत डोळ्यांना सहज न दिसणारी फट राहते. मध्ये मध्ये एका उंचवट्याचे गोल ठोकळे घालून लांबलचक पातळ भिंत रचली, तर या फटी एकवटतात आणि भिंत हळूहळू वाकवत दोन्ही टोकं जुळवता येतात. घेर झाला. आता पायऱ्या. चपटा तुकडा ३.२ मिलिमीटर उंच, असे तीन मिळून एक ठोकळा, म्हणजे तीन पायऱ्यांमागे भिंतीचा एक थर. पायरी पक्की करायला तिचं शेपूट भिंतीत अडकवावं, तर त्या जागी भिंत आखडते आणि गोलाईला नकार देते. सैल सोडावं, तर पायरी लोंबते. मग भिंत वेगळी, जिना वेगळा, आणि दोघांना मोजक्याच ठिकाणी जोडायचं, असा उपाय सुचतो. तोही तिसऱ्या फेरीला घेर अपुरा पडून फसतो, आणि पुन्हा तळापासून सुरुवात होते. दगड घडवून प्रत्येकाला घेराचा बाक देणाऱ्या त्या अनाम पाथरवटानं काय सोडवलं होतं, हे बारवेचे शंभर फोटो बघून कळत नाही. हात चार वेळा हरले की कळतं. आणि ज्याला ते कळलं, तो त्या बारवेत कचरा पडताना गप्प बसणार नाही.

प्लास्टिकबद्दलची तक्रार मी हलक्यात घेत नाही. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासानुसार असा एक ठोकळा समुद्रात १०० पासून १,३०० वर्षांपर्यंत टिकू शकतो. वापरलेल्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे करण्याचा बेत कंपनीला २०२३ मध्ये सोडावा लागला. पण हा टिकाऊपणा फेकलेल्या ठोकळ्यात शाप आहे आणि वापरातल्या ठोकळ्यात वरदान. चार दिवसांत तुटणाऱ्या, दुरुस्त न होणाऱ्या खेळण्यांनी आपल्या गावांच्या उकिरड्यांची जी स्थिती केली आहे, तिच्याशी तुलना करावी. तीन पिढ्या हाताळल्या जाणाऱ्या वस्तूचा भार पृथ्वीवर कमीच पडतो; अट एवढीच, की नवे डबे आणण्याच्या हव्यासाला आवर घालून जुने ठोकळे फिरते ठेवले पाहिजेत.

सगळ्यात बोचरा प्रश्न पैशाचा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. एका मोठ्या सेटच्या पैशात शेतकऱ्याचं बियाणं येतं, हे या जिल्ह्यात विसरून चालणार नाही, आणि कर्ज काढून किंवा घरखर्च मारून छंद करावा असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नये. पण छंद एका कंपनीच्या नावाशी जखडलेला नाही. ठोकळ्याच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्क सांगता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये दिला. भारतीय बनावटीचे, आयएसआय चिन्हाचे ठोकळे बाजारात आहेत. पकड थोडी कमी-जास्त असते, एवढंच. त्याहून स्वस्त वाट टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी १९७० च्या दशकातच दाखवली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी चौकटी उभ्या केल्या. चौकोन बोटानं दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही, हा पूल आणि छप्पर बांधणाऱ्याचा पहिला धडा त्यात अगदी थोड्या पैशांत मिळतो. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. जोड सुटला पाहिजे आणि पुन्हा बसला पाहिजे. वस्तू कोणती, हे दुय्यम आहे.

तरीही एकट्याच्या खिशाला न परवडणारी वस्तू सगळ्यांनी मिळून वापरण्याची रीत आपण पुस्तकांच्या बाबतीत फार पूर्वी पत्करली आहे. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था तिच्यावरच उभ्या आहेत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना सरकारी आधार दिला. अशा वाचनालयात एक कपाट ठोकळ्यांचं असावं. संध्याकाळी एक लांब टेबल मोकळं असावं, आणि त्यावर बसायला वयाची अट नसावी. ज्यांची मुलं शिकायला पुण्याला-संभाजीनगरला गेली, त्यांच्या माळ्यावर पडलेले डबे आधी इथे यावेत. तुकडे हरवतील, ही भीती रास्त आहे. पण वजनावर देणं आणि वजनावर परत घेणं ही सोपी व्यवस्था आहे, आणि दोन-चार तुकड्यांच्या तुटीनं सुट्या ठोकळ्यांचा संग्रह अडत नाही. हातानं काम करणारा गवंडी, हिशेब करणारा कारकून, घर चालवणारी बाई आणि निवृत्त मास्तर तिथे एकाच बारवेवर डोकं चालवतील. गवंड्याला जे सहज दिसतं ते मास्तरांना दिसणार नाही, आणि तसं त्यांना कबूल करावं लागेल. बिनचूक राहण्याची सक्ती मोठ्या माणसांना एकमेकांपासून तोडते. जिथे चूक फुकट आहे आणि दुरुस्ती बोटाच्या अंतरावर आहे, असं एक टेबल प्रत्येक तालुक्याच्या गावाला मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा खर्च वाचनालयांच्या विश्वस्तांनी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरावा.